ओकायामाचा बोलणारा हंडा: आवाज कुणाचा, अर्थ कुणाचा?

अप्पा बळवंत चौकात दुकानांसमोर दोन मिनिटं उभं राहिलं तर स्पर्धा परीक्षांच्या गाइड्सच्या शेजारी 'इकिगाई'ची मराठी प्रत बहुतेक दिसतेच. दोन स्पॅनिश लेखक जपानला जातात, ओकिनावातल्या ओगिमी गावच्या म्हाताऱ्या माणसांना भेटतात आणि जगण्याचा अर्थ पुस्तकात भरून परत येतात. जपानला जाऊन अर्थ शोधायचा, ही कल्पना आता आपल्याकडेही चांगलीच रुजली आहे.

माझी एक मैत्रीण याच कल्पनेवर कादंबरी लिहिते आहे. नायक बुधवार पेठेतला, तिशीच्या आतला, नोकरीला कंटाळून जपानला जातो आणि तिथे त्याला भुतंखेतं भेटतात. तिने त्याला टोकियोला न पाठवता ओकायामाला पाठवलं, हे मला आवडलं. पुण्याचं ओकायामाशी नातं आहेच. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे मुळात पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामातल्या कोराकुएन या सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या बागेवरून त्याची रचना केली आहे. ('पूर्वरंग'मध्ये जपान दाखवणाऱ्या पुलंचं नाव जपानी बागेला मिळालं, हा योग छानच.)

तर कादंबरीच्या मधल्या प्रकरणात नायक किबित्सु देवस्थानात जातो. तिथे एक लोखंडी हंडा आहे आणि त्याच्याखाली एका राक्षसाचं डोकं पुरलंय, अशी समजूत आहे. हंड्यावर तांदूळ वाफवला की राक्षस ओरडतो. तो आवाज ऐकून पुजारी नायकाला सांगतो, की तुझ्या आयुष्याचा अर्थ अमुक. मैत्रिणीचा मला प्रश्न एवढाच होता: "तू सायन्सवाला आहेस ना, मग सांग, तो हंडा खरंच वाजतो का?"

वाजतो. पण उत्तर शोधताना तिच्या प्रकरणाची पंचाईत झाली, आणि ती पंचाईत सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाने पाहावी अशी आहे, म्हणून हा लेख.

आधी दंतकथा. ओकायामाच्या परिसरात उरा नावाचा एक राक्षस राहत असे. तो मूळचा जपानी नाही. समुद्रापलीकडून, कोरियातल्या पेक्चे राज्यातून तो आला असं बहुतेक कथा सांगतात. डोंगरावरच्या किनोजो नावाच्या किल्ल्यात राहून तो लोकांना छळायचा. सम्राटाने राजपुत्र किबित्सुहिकोला पाठवलं. लढाईत उरा तितर झाला तर राजपुत्र ससाणा झाला, उरा मासा होऊन पाण्यात शिरला तर राजपुत्र पाणकावळा होऊन मागे गेला. शेवटी उराचं डोकं उडवलं. पण ते डोकं गप्प बसेना. पुरल्यावरही १३ वर्षं ओरडत राहिलं. मग उरा राजपुत्राच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, आझो गावच्या माझ्या बायकोला या हंड्यावर देवाचा भात शिजवू दे, मग मी तुम्हाला शुभ-अशुभ सांगत जाईन.

पीचच्या फळातून जन्मलेला आणि राक्षसांना मारायला निघालेला मोमोतारो तुम्ही कार्टूनमध्ये पाहिला असेल. त्याची गोष्ट याच दंतकथेतून आली, असं ओकायामाचे लोक मानतात. किनोजोचा किल्ला डोंगरावर खरंच आहे आणि तो कोरियन धाटणीचा आहे. आझो हे गाव लोखंडाच्या ओतकामासाठी प्रसिद्ध होतं. म्हणजे बाहेरून आलेले कारागीर, त्यांचं लोखंड आणि त्यांचा पराभव, एवढं सगळं या एका राक्षसात मावलेलं असू शकतं. 'शकतं' हा शब्द मुद्दाम वापरलाय. दंतकथेत कोरिया आहे आणि डोंगरावर कोरियन धाटणीचा किल्ला आहे, यावरून उरा नावाचा माणूस होऊन गेला असं सिद्ध होत नाही.

आता विधी. आझोच्या परंपरेतली स्त्री, जिला आझोमे म्हणतात, ती चूल पेटवते. लोखंडी हंड्यात पाणी उकळतं. हंड्यावर लाकडी उकडपात्र बसवलेलं असतं, त्यातून वाफ वर येते. पुजारी आणि आझोमे समोरासमोर बसतात. पुजारी प्रार्थना म्हणू लागतो, आझोमे एका भांड्यातला असडी तांदूळ उकडपात्रात हलवते आणि हंडा घुमायला लागतो. खोल, लांबलेला, घशातून काढल्यासारखा आवाज. प्रार्थना संपत येते तसा तो विरतो.

पाणी उकळताना आवाज होतोच, त्यात काय, असं वाटेल. पण पाणी तर आधीपासून उकळतंय. आवाज सुरू होतो तो तांदूळ आल्यावर. हा तपशील सोडून देऊ नका, अख्खं स्पष्टीकरण त्यातच आहे.

१८५९ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला पीटर रायके या प्राध्यापकाने एक उभी नळी घेतली, दोन्ही टोकं उघडी. खालून पाव उंचीवर तारेची जाळी बसवली, ती बर्नरने लाल केली आणि बर्नर काढून घेतला. नळी मोठ्याने वाजू लागली. नळी आडवी केली की आवाज बंद, कारण गरम हवेचा वर जाणारा प्रवाह थांबतो. एक मीटरच्या नळीत हा सूर साधारण १७० हर्ट्झचा येतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत धातूच्या नळीवर हे करून पाहता येतं. शिक्षक सोबत हवेत आणि हातात जाड मोजे हवेत.

असं का होतं, याचा नियम लॉर्ड रॅलीने १८७८ मध्ये मांडला. आवाज म्हणजे हवा आळीपाळीने दाबली जाणं आणि सैल पडणं. हवा दाबलेली असतानाच तिला उष्णता दिली तर ती जास्त जोराने पसरते. हवा सैल पडलेली असताना तिच्यातून उष्णता काढून घेतली तर ती जास्त आक्रसते. दोन्हीही वेळा कंपनाला बळ मिळतं. झोक्याला नेमक्या क्षणी ढकलण्यासारखंच आहे हे. चुकीच्या क्षणी ढकललं तर झोका थांबतो.

रायकेच्या नळीत जाळी गरम आणि हवा थंड. याच्या उलट मांडणीही त्याच सुमाराला बोशा आणि रीस यांनी दाखवली होती: खालून गरम वायू येतोय आणि वरच्या भागात थंड जाळी आहे. तीही वाजते. आता हंडा डोळ्यांसमोर आणा. खालून गरम वाफ येतेय, वर उकडपात्रात थंड, कोरे तांदळाचे दाणे आहेत. हे दाणे म्हणजेच थंड जाळी.

थोडं खोलात जाऊ. हंड्याचा तळ पाण्याने बंद आहे, वरचं तोंड मोकळं आहे. कंपनात आतला दाब कमी होत असतो तेव्हा वायू तोंडाकडे, म्हणजे वर सरकत असतो. वाफेचा मुळातला प्रवाहही वरच जातोय. दोन्हींची बेरीज होते आणि नेमक्या त्या वेळात दाण्यांमधून जास्त गरम वाफ जाते. दाणे तिची उष्णता खेचून घेतात. म्हणजे दाब उतरत असताना उष्णता काढून घेतली जाते, जे रॅलीच्या नियमाला हवंच आहे. दाब वाढताना वायू खाली सरकतो, त्याची चाल प्रवाहाच्या उलट पडते, दाण्यांमधून कमी वाफ जाते आणि उष्णताही कमी निघते. दर आवर्तनाला थोडा फायदा होत जातो आणि कंपन वाढत जातं.

साध्या गरम हवेपेक्षा वाफ इथे भारी का पडते? एक किलो वाफ एक अंशाने थंड झाली तर साधारण २ किलोज्यूल उष्णता निघते. तीच वाफ दाण्यावर पाणी होऊन बसली तर २,२०० किलोज्यूलच्या वर निघते. शिवाय वाफेचं पाणी झालं की तिने व्यापलेली जागाच रिकामी होते, म्हणजे दाबही घटतो. उकडपात्रातले मूठभर दाणे हे असं जबरदस्त इंजिन आहे. आणि दाणे तापून वाफेच्या तापमानाला पोचले की तापमानाचा फरक संपतो, इंजिन बंद पडतं. प्रार्थना संपता संपता आवाज का विरतो, ते यावरून समजतं.

मग आपलं मोदकपात्र का वाजत नाही? त्यातही खाली पाणी आहे, मध्ये चाळणी आहे, वर थंड पिठाचे मोदक आहेत. उत्तर आहे उंबरठा. प्रत्येक आवर्तनात मिळणारी ऊर्जा आणि झाकणाच्या फटींतून, भांड्याच्या भिंतींना घासून, बाहेर आवाज होऊन जाणारी ऊर्जा यांचा हिशोब जमला पाहिजे. मिळकत खर्चापेक्षा तीळभर कमी पडली तरी पूर्ण शांतता. अर्ध्या आवाजात वाजणं वगैरे फारसं होत नाही. हंड्याचं मोठं पोट, वरच्या पात्राची उंची, दाण्यांची जागा आणि थंडपणा, चुलीची आंच हे सगळं एका पट्ट्यात बसलं तरच तो बोलतो. माझं स्वतःचं काम उष्णतेच्या प्रवाहाशी संबंधित असल्याने मला या भागात सगळ्यात जास्त मजा आली, हे वेगळं सांगायला नको.

उंबरठ्याचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आता तो हंडा गप्प बसणार आहे.

उएदा आकिनारी या ओसाकाच्या लेखकाचा 'उगेत्सु मोनोगातारी' हा नऊ कथांचा संग्रह १७७६ मध्ये छापला गेला. (मिझोगुचीचा १९५३चा सिनेमा पाहिलेल्यांनी नोंद घ्यावी, ही कथा त्या सिनेमात नाही.) त्यातली एक कथा याच हंड्यावर आहे. शोतारो नावाचा एक उडाणटप्पू मुलगा आहे. लग्न केलं की सुधारेल म्हणून आईबाप त्याच्यासाठी किबित्सुच्या पुजाऱ्याची मुलगी इसोरा पाहतात. आपल्याकडचे आईबाप ज्या तर्काने चालतात तोच हा तर्क. देणंघेणं होतं, दिवस ठरतो. मग रीत म्हणून हंड्याला विचारतात. हंड्यातून आवाजच येत नाही. गवतातल्या किड्याएवढाही नाही.

मुलीचा बाप चरकतो. आई मात्र म्हणते, विधी करणारे नीट शुद्ध झाले नसतील. शिवाय शब्द दिलेला, देणंघेणं झालेलं, मुलीचाही जीव गुंतलेला, आता मागे कसं फिरायचं? लग्न होतं. पुढे शोतारो इसोराला फसवून तिच्याकडून पैसे घेतो आणि सोदे नावाच्या बाईबरोबर पळून जातो. इसोरा झुरून मरते. सोदेही झपाटल्यासारखी होऊन मरते. इसोराचा आत्मा शोतारोच्या मागे लागतो. एक जाणकार त्याला सांगतो, ४२ दिवस घराबाहेर पडू नकोस, दारं-खिडक्यांवर मंत्राचे कागद चिकटव. तिला मरून सात दिवस झालेत, हे बेचाळीस मिळून एकोणपन्नास होतील. शेवटच्या रात्री बाहेर उजाडल्यासारखं दिसतं, शोतारो दार उघडतो. उजाडलेलं नसतंच. शेजारी धावत येतो तर भिंतीवर रक्त आणि वळचणीला लटकलेला केसांचा बुचडा, बाकी काही नाही.

भयकथा म्हणून ती थरकाप उडवतेच. पण मला त्यातली सगळ्यात भीतीदायक जागा आईच्या त्या वाक्यात दिसते. प्रयोग झाला, निकाल आला, निकाल नको होता, म्हणून दोष प्रयोग करणाऱ्यांवर ढकलला. आणि तिचं म्हणणं अशक्य कोटीतलं नाही, हे जास्त वाईट. वरच्या भौतिकशास्त्रानुसार चूल मंद असेल, तांदूळ आधीच गरम असेल, तर हंडा गप्प बसेलच. फक्त, आवाज आला असता तर तिने शुद्धतेची चौकशी केली असती का? नसती केली. नको असलेल्या निकालाचीच तेवढी तपासणी करायची, ही सवय सोळासतराशे पानांचा डेटा गोळा केलेल्या संशोधकालाही असते. उपकरण बिघडलं असेल ही शंका घ्यायला हरकत नाही. ती दोन्ही बाजूंच्या निकालांवर सारखीच घ्या. आणि देणंघेणं होण्याआधी घ्या. गाइडला, फंडिंगला, घरच्यांना शब्द देऊन झाल्यावर हंड्याला विचारायला गेलात तर त्याच्या गप्प बसण्याला तुम्ही कारण शोधून काढणारच.

इथे कोकणातला कौल आठवतो. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. साधारणपणे उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गावागावांत तपशील बदलतो. पाकळी का पडते याचं उत्तर पाण्याचा पातळ थर, त्याचं सुकणं आणि पाकळीचं वजन यांत आहे. देवाचा त्यात हात आहे की नाही, ही चर्चा मला इथे करायची नाही. मला एवढंच दिसतं की कौलाचा नियम प्रश्न विचारण्याआधी ठरलेला असतो. उजवी म्हणजे काय हे पाकळी पडल्यावर ठरवता येत नाही. हल्ली संशोधनात प्रयोगाआधीच हायपोथेसिस आणि विश्लेषणाची पद्धत नोंदवून ठेवा असा आग्रह असतो, त्यामागचा विचार आणि गुरवाचा विचार या एका बाबतीत सारखाच आहे.

किबित्सुचा हंडा इथे वेगळा पडतो आणि मैत्रिणीच्या प्रकरणाची पंचाईत झाली ती इथेच. आजच्या विधीत आवाज झाल्यावर पुजारी काही सांगत नाही. आझोमेही काही सांगत नाही. आवाज शुभ की अशुभ, हे ऐकणाऱ्याने स्वतःच्या मनाने ठरवायचं. त्यामुळे नायकाला आयुष्याचा अर्थ समजावून सांगणारा पुजारी तिथे मिळणारच नाही.

मैत्रीण आधी वैतागली. "मग तो एवढ्या लांब कशाला गेला?" हे तिचं म्हणणं. मला वाटतं कादंबरी खरी सुरू होते ती इथून. 'इकिगाई'च्या वाचकाला लांबच्या देशातून तयार उत्तर हवं असतं. उरा फक्त घुमतो. त्यातही तो स्वतः परदेशातून आलेला आणि भाषा न कळणारा. ओकायामातल्या पुण्याच्या मुलासारखाच.

अशी आयात भुतं जपानमध्ये आणखीही आहेत. आपल्या हॉस्टेलांतल्या प्लँचेटसारखा तिकडे 'कोक्कुरी' नावाचा खेळ होता: तीन काठ्यांवर एक झाकण, त्यावर हात ठेवायचे, प्रश्न विचारायचा, झाकण हलतं. पुढे तोयो विद्यापीठ झालेल्या संस्थेचे संस्थापक, तत्त्वज्ञ इनोउए एन्र्यो यांनी १८८० च्या दशकात त्याचा माग काढला. ज्याला लोक कोल्ह्याचा आत्मा समजत होते तो खेळ शिमोदा बंदराजवळ अडकलेल्या अमेरिकन खलाशांकडून आल्याचं त्यांनी दाखवलं. झाकण हलतं ते अपेक्षेमुळे नकळत होणाऱ्या स्नायूंच्या हालचालीने, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. इंग्लंडात फॅरेडेने १८५३ मध्ये हलणाऱ्या टेबलांवर प्रयोग करून जवळपास हेच दाखवलं होतं.

एन्र्योंची पद्धत तुमच्या उपयोगाची आहे. खेळ कुठून आला, झाकण कशाने हलतं आणि लोकांना त्यात आत्मा का दिसतो, असे तीन प्रश्न त्यांच्यासमोर होते. पहिल्याला प्रवाशांच्या हकिकती लागतात, दुसऱ्याला शरीरशास्त्र, तिसऱ्याला मानसशास्त्र. हंड्याचंही तसंच. आवाज कसा होतो हे रॅली सांगतो. उराची कथा आझोच्या लोहारांशी कशी जोडली गेली हे रॅलीला विचारून उपयोग नाही. आणि इसोराची आई असं का बोलली हे दोघांनाही विचारू नका, त्यासाठी आकिनारी वाचा. पेटच्या मुलाखतीत "तुमचा रिसर्च क्वेश्चन काय?" असं विचारल्यावर आपण गडबडतो ते बहुतेक वेळा तीन प्रश्न एका वाक्यात कोंबल्यामुळे. "जपानी लोकसमजुतींचा वैज्ञानिक, सांस्कृतिक व साहित्यिक अभ्यास" असं शीर्षक असेल तर पॅनेल तुम्हाला सोडणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

मैत्रिणीने आता प्रकरण बदललंय. नायक प्रश्न विचारतो, हंडा घुमतो, पुजारी नमस्कार करून उठून जातो. पुढची चाळीस पानं नायक त्या आवाजाचं काय करायचं यात घालवतो. मला तिने एकच तांत्रिक शंका विचारली होती: पावसाळ्यात, दमट हवेत आवाज कमी होईल का? माझा अंदाज असा की हवेच्या दमटपणाने फारसा फरक पडू नये, कारण हंड्याच्या आत तसंही वाफेचंच राज्य आहे. पण तांदूळ ओलसर किंवा आधीच कोमट असेल तर पडावा. हा अंदाजच आहे. मोजायचं तर दाण्यांमध्ये एक थर्मोकपल, तोंडाशी एक मायक्रोफोन आणि रोज तेवढाच तांदूळ इतकं पुरेल.

तुमच्यापैकी कुणी ओकायामाला जाणार असेल, तर गावातून किबी लाइनची लोकल पकडा, तिला मोमोतारो लाइनही म्हणतात. किबित्सु स्टेशनवर उतरून दहाएक मिनिटं चालायचं. १४२५ मधलं मुख्य मंदिर पाहा आणि लांबलचक छताच्या वाटेने हंड्याच्या इमारतीकडे जा. शुक्रवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी हा विधी होत नाही.